सर्वानुमते

‘सर्वानुमते’ हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, याचा परवा सहज हिशेब मांडला. नगरपालिकेत माझी चौतीस वर्षे नोकरी झाली. त्यांपैकी सव्वीस वर्षे सभेचे टेबल माझ्याकडे होते. कायद्याप्रमाणे नगरपालिकेची सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी भरावी लागते. म्हणजे वर्षाच्या सहा झाल्या. शिवाय दोन खास सभा धरा. एका सभेत कधी वीस विषय असत, कधी चाळीस. सरासरी तीस धरली तरी आकडा सहा हजारांच्या पुढे जातो. इतक्या वेळा मी रामनाम लिहिले असते, तर एव्हाना नातेवाइकांनी मला साधुपुरुषांत काढले असते.

त्या सहा हजारांपैकी एक ‘सर्वानुमते’ खोटा होता. निदान एक. बाकीच्यांची खात्री मी आज देत नाही. पण त्या एकाची देतो, कारण तो खोटा आहे हे लिहितानाच मला ठाऊक होते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नगरपालिका चारच: नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर. धडगावची नगरपंचायत आहे, ती अलीकडची. या चारांपैकी माझी कोणती, ते मी सांगणार नाही. सांगून कुणाचे कल्याण व्हायचे नाही, आणि चूक माझी होती; तिच्यात गावाला ओढण्याचे कारण नाही. वाचकाने आपल्याच गावची नगरपालिका डोळ्यांपुढे आणली तरी चालेल. या सभा सगळीकडे सारख्याच असतात. भिंतीवर गांधीजी, बाबासाहेब, आणि आमच्याकडे त्यांच्या शेजारी शिरीषकुमार. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या चौकात हातातला झेंडा खाली ठेवायला नकार देणारा पंधरा वर्षांचा पोर. खाली लांबट टेबल, त्यावर हिरवे कापड, कापडावर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळे. कोपऱ्यात प्रोसिडिंग बुकावर मान घातलेला एक कारकून. तो मी.

सभा म्हटली की लोकांना भाषणे आठवतात. मला विषयपत्रिका आठवते. सात पूर्ण दिवस आधी ती काढायची, शिपायाने घरोघरी नेऊन सभासदांच्या सह्या आणायच्या. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो कधी बदलत नसे. जगात लढाया झाल्या, सरकारे पडली, आमच्या डोक्यावरचा जिल्हा बदलला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि ठरावांच्या नकला धुळ्याऐवजी नंदुरबारला जाऊ लागल्या. पण विषय पहिला तोच राहिला. त्याच्यामागून पाण्यासाठी तुरटी आणि टी. सी. एल. पावडर खरेदीची दरपत्रके, दिवाबत्तीचे साहित्य, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत गटार, मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा, आठवडे बाजाराच्या फीवसुलीचा ठेका, निवृत्त सफाई कामगाराची रजा, आणि सर्वांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’. हे शेवटचे वाक्य म्हणजे प्रवाशाच्या पिशवीतला तळाचा कप्पा. त्यातून काय निघेल, हे पिशवीवाल्यालाही माहीत नसे.

कुणी म्हणेल, या रुक्ष यादीत काय आहे? मीही पहिली दोन-चार वर्षे असेच म्हणत असे. पुढे ध्यानात आले की तुरटीचा एक विषय पुढच्या सभेवर गेला, की पावसाळ्यात गावातल्या दवाखान्यांपुढे रांगा लागतात. ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ या शब्दांत तमक्याच्या पुढे राहणाऱ्या दहा घरांचे भवितव्य ठरते. लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ च्या आपल्या ठरावात, स्थानिक स्वराज्य हे लोकांना राजकारणाचे शिक्षण देण्याचे साधन आहे, असे म्हटले होते. रिपन साहेब आमच्या सभेला येऊन बसले असते तर ते शिक्षण गटारीच्या उतारापासून सुरू होते, हे त्यांना दिसले असते. आणि ते बरोबरच होते. जो माणूस शेजाऱ्याच्या दारातून पाणी कसे वाहील याचा विचार करतो, तो देशाचाही विचार करू शकतो.

कायदाही या रुक्षपणात एक हळवी जागा ठेवून बसला आहे. १९६५ च्या नगरपालिका कायद्यात सर्वसाधारण सभेने कशाकशाचा विचार करावा हे सांगताना, पाहुण्यांचे स्वागत, मानपत्र आणि दुखवट्याचा ठराव यांचा आवर्जून उल्लेख केलेला आहे. तुरटी खरेदी करणाऱ्या संस्थेला रडण्याची परवानगी लागते आणि ती कायद्याने दिलेली आहे, याचे मला फार कौतुक वाटे.

आमच्या सभेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. ती पाच भाषांत भरे. कुणी अहिराणीत बोले, कुणी गुजरीत. व्यापारी मंडळी आपसांत गुजरातीत कुजबुजत. मुसलमान मोहल्ल्यातले सभासद उर्दूच्या वळणाची हिंदी बोलत, आणि पाड्यांकडून निवडून आलेले सभासद आपल्या भिलोरीतून विचार करून अहिराणीत मांडत. इतिवृत्त मात्र एकाच भाषेत लिहिले जाई, आणि ती भाषा या कुणाचीच नसे. ती माझी होती. म्हणजे माझीही नव्हे. माझ्या आधीच्या कारकुनाकडून मला वारशात मिळालेली. ‘विषयावर सांगोपांग चर्चा होऊन’, ‘सर्व बाबींचा साकल्याने विचार करून’, ‘चर्चेअंती असे ठरले की’. एकदा एका नळाच्या तोटीवरून दोन सभासद एकमेकांच्या सदऱ्याला हात घालण्यापर्यंत गेले. अध्यक्षांनी मधे पडून दोघांना चहा पाजला. मी लिहिले, ‘उभयतांनी आपापली मते मांडली.’ ते वाचून दोघेही खूष झाले. इतिवृत्त म्हणजे गावाचा फोटो, असे मी तेव्हा मानत असे. फोटोग्राफर फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसतो, तसे मी पुसत असे. त्यात मला वाईट काही दिसत नव्हते. उलट त्यालाच मी कौशल्य समजत होतो.

आता त्या दिवसाकडे येतो.

१९९३ च्या १ जूनला चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवाव्या लागल्या. पुढे २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. त्या एक तृतीयांशाच्या काळात, अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवरून एक बाई आमच्याकडे निवडून आल्या. वय चाळीसच्या आसपास. भिल्ल वस्तीत राहणाऱ्या. मालकांबरोबर शेतमजुरी केलेली, पुढे बाजारात बसून भाजी विकलेली. सभासद झाल्यावरही त्या बाजाराच्या दिवशी घटकाभर टोपलीमागे बसत. काही सभासदांच्या वतीने त्यांचे यजमानच सभेला येऊन दाराशी उभे राहत. या बाई एकट्या येत. हजेरीपटावर सही करायला त्यांना वेळ लागे. एकेक अक्षर त्या निवडुंगाचा काटा काढावा तशी काढीत, पण अंगठा उठवीत नसत. सगळे त्यांना ताई म्हणत. खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीवर पदर सावरून त्या बसत आणि सभा संपेपर्यंत एक शब्द बोलत नसत. मी हजेरीत त्यांचे नाव लिही आणि विसरून जाई.

त्या दिवशीच्या पत्रिकेवर अकरावा विषय होता: ‘आठवडे बाजाराच्या जागेबाबत विचार करणे.’

बाजार भरायचा तो गावाच्या पोटात, एका मोकळ्या पटांगणात. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून सातपुड्याच्या घाटवाटांनी बाया उतरत. कुणी जीपच्या टपाशी लटकून, कुणी आदल्या रात्रीच चालत निघून. उन्हाळ्यात त्यांच्या टोपल्यांत मोहाची फुले आणि चारोळी असे, पावसाळ्यात रानभाज्या, आणि दिवाळीच्या सुमाराला सीताफळे. डोंगरातल्या सीताफळांचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. आमच्याकडे दिवाळी कंदिलांच्या आधी सीताफळांनी येते आणि तिच्या मागून पथारींवर वाळत घातलेली लाल मिरची येते. त्या पटांगणात लिंबाची दोन झाडे होती, एक हापसा होता. बाया सावलीला बसत, हापशाचे पाणी पीत, पोराला झाडाला बांधलेल्या झोळीत टाकीत. दुपारी टोपली रिकामी झाली की मीठ, तेल, कापड घेऊन परत डोंगर चढत.

पटांगण मोक्याचे होते. ते मोकळे करून बाजार गावाबाहेर, नदीकडच्या रस्त्याला न्यावा, म्हणजे गावातली वाहतुकीची अडचण दूर होईल, असा प्रस्ताव होता. अडचण खरोखरच होती. ते मी नाकारीत नाही. प्रस्ताव वाचून झाला. दोघे-तिघे बोलले. सूचक ठरले, अनुमोदक ठरले. अध्यक्ष म्हणाले, “मंजूर समजायचा ना?” तेवढ्यात खिडकीजवळची खुर्ची सरकली.

ताई उभ्या राहिल्या होत्या. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच. टेबलाकडे न पाहता त्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, “माले हाई पटत नही.” मग जरा थांबून, “मंग त्या बाया कोठे बसतीन?”

सभेत क्षणभर शांतता झाली. कुणीतरी हसले. ते कुत्सित नव्हते; मुके मूल एकाएकी बोलले की माणसे हसतात, तसे ते हसणे होते. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्यांची सोय करूच. पुढे बघू.” इतक्यात चहा आला. विषय बारावा, दिवाबत्तीचे साहित्य. ताई खाली बसल्या.

त्या रात्री मी घरी बसून इतिवृत्ताचा पक्का मसुदा करीत होतो. अकराव्या विषयाशी लेखणी थांबली. ‘सर्वानुमते’ लिहायचे की ‘बहुमताने’? नियम मला पाठ होते. एखाद्या सभासदाने आपला विरोध नोंदवावा असे म्हटले, तर त्याचे नाव नोंदवावे लागते. ताईंनी तसे म्हटले नव्हते. त्यांनी नुसते ‘पटत नाही’ म्हटले होते. मतदान झाले नव्हते, हात वर झाले नव्हते. आणि दुसरे वाक्य तर प्रश्न होते. प्रश्नाला इतिवृत्तात रकाना नसतो. शिवाय ‘बहुमताने’ लिहिले की कुणी विरोध केला हे लिहावे लागणार, का केला हे विचारले जाणार. उद्या कुणी ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, तर त्यांच्या हातातले ३०८ कलम आहेच; ते ठराव थांबवू शकतात. सकाळी मुख्याधिकारी म्हणणार, “कशाला वाढवलंत?” मला कुणी दटावले नव्हते, कुणी पैसे देऊ केले नव्हते, कुणी डोळाही मिचकावला नव्हता. माणसाला मोहात पाडायला सैतान लागतो असे म्हणतात. मला एक सुबक वाक्य पुरले.

मी लिहिले, ‘विषयावर सांगोपांग चर्चा होऊन सदर जागेची आठवडे बाजारासाठी आवश्यकता राहिलेली नाही, सबब बाजार अन्यत्र हलविण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’

अक्षर माझे चांगले होते. अजूनही आहे.

पुढच्या सभेत विषय पहिला आला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे वाचायला वेळ कुणाला? “वाचले असे समजून कायम करू,” कुणीतरी म्हणाले. हीच ती घटका होती. या पहिल्या विषयाची योजना शहाण्या माणसांनी त्यासाठीच करून ठेवली आहे: लिहिणाऱ्याच्या हातून काही चुकले असेल, कुणाचे म्हणणे राहिले असेल, तर ते सर्वांच्या देखत सांगता यावे. मी मान वर करून म्हणालो असतो, “अकराव्या ठरावापुरते वाचतो,” तर कुणी मला अडवले नसते. मी खिडकीकडे पाहिले. ताई बाहेर लिंबाकडे पाहत होत्या. मी मान खाली घातली. इतिवृत्त कायम झाले, सर्वानुमते.

त्यानंतर घडले ते इतिवृत्तात कुठेच नाही. बाजाराच्या दिवशी ताई पहाटेच पटांगणात गेल्या आणि लिंबाखाली टोपली घेऊन बसल्या. बाया येत गेल्या, त्यांच्याभोवती बसत गेल्या. बाजार हलवायला आलेला मुकादम नगरपालिकेच्या सभासदालाच ‘ऊठ’ कसे म्हणणार? तो घुटमळला आणि परत गेला. फीवसुलीच्या ठेकेदारालाही नव्या जागेची खात्री नव्हती. बाजार मोडला तर त्याचा ठेका बुडणार. त्यानेही पावती-पुस्तक घेऊन जुनीच जागा गाठली. दुसरा आठवडा तसाच गेला, तिसराही. ठराव कागदावर राहिला आणि बाया जमिनीवर राहिल्या. मला मनातून हायसे वाटले. माझ्या एका शब्दाने कुणाचे काही बिघडले नाही, असे मी स्वतःला सांगितले, आणि पुढची पंधरा वर्षे मी ते मानत आलो.

मधल्या काळात एकदा महात्मा फुल्यांचे चरित्र वाचनात आले. जोतीराव १८७६ ते १८८२ पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या मंडईच्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे ती मंडई एका गव्हर्नराच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली. आणि आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना तिला नाव मिळाले ते महात्मा फुले मंडई. ज्याने ‘नको’ म्हटले त्याचेच नाव इमारतीला लागले! हा विनोद आहे की न्याय, याचा मी पुष्कळ विचार केला. पण मला खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. बत्तीसांत एक, हे आपल्याला कळले कसे? त्या काळी पुण्याला माझ्यासारखा सुबक अक्षराचा एखादा कारकून असता आणि त्या एकाचे ‘नाही’ त्याला शोभेचे वाटले नसते, तर ते ‘नाही’ कुणाच्या कानी आले असते? ‘नाही’ म्हणायला एक धैर्यवान माणूस लागतो, हे आपण शाळेत शिकतो. ते लिहून ठेवायलाही एक प्रामाणिक माणूस लागतो, हे शाळेत कुणी शिकवत नाही.

यथाकाल मी सेवानिवृत्त झालो. मला निरोप देणारा ठराव झाला, तोही सर्वानुमते. मग सभासदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. महाराष्ट्रभर नगरपालिकांवर प्रशासक बसले आणि बऱ्याच ठिकाणी ते वर्षानुवर्षे राहिले. प्रशासक म्हणजे सगळी सभा एकटाच माणूस. सूचक तोच, अनुमोदक तोच, विचार करणारा तोच आणि मंजूर करणारा तोच. सभागृहाला कुलूप. मी संध्याकाळी फिरायला जाताना त्या खिडकीवरून जाई. आत हिरव्या कापडावर धूळ बसलेली दिसे. ज्या सभांना मी कंटाळलो होतो, त्यांतली भांडणे, तो नळाच्या तोटीवरचा गोंधळ, सगळे आठवून चुकल्याचुकल्यासारखे होई. सभेत खोटे ‘सर्वानुमते’ लिहिले जात असेल. पण ते खोटे आहे हे म्हणू शकणारे पंधरा-वीस लोक तरी समोर बसलेले असतात. रिकाम्या सभागृहात खोटे काही लिहिलेच जात नाही. कारण तिथे खरे बोलायलाही कुणी नसते.

त्या दिवसांतच एका दुपारी नगरपालिकेतला तरुण कारकून घरी आला. माझ्याच टेबलावर बसणारा, हुशार, विनयशील मुलगा. पिशवीतून त्याने एक जुने प्रोसिडिंग बुक काढले.

“काका, जरा त्रास देतो. हा ठराव बघा. क्रमांक पुसट झालाय. अकरा आहे की सतरा?”

पाने पिवळी झाली होती. शाई मात्र काळी होती.

“अकरा,” मी म्हणालो. “कशाला हवा आहे?”

“पटांगणावर व्यापारी संकुल करायचंय. जागा बाजाराला लागत नाही असा जुना ठराव आहे म्हणून बरं झालं. टिपणीत नुसता संदर्भ द्यायचा. रद्द झालेला नाही, त्यामुळे नव्याने काही करायला नको.”

मी म्हणालो, “हा ठराव सर्वानुमते झाला नव्हता.”

तो गोंधळला. पानाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “पण काका, लिहिलंय ना?”

“मीच लिहिलंय. म्हणून तर सांगतो.”

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने ऐकून घेतली. मुलगा चांगला होता; त्याच्या डोळ्यांत दया दिसली, पण ती माझ्या म्हातारपणाची होती. जाताना म्हणाला, “काका, इतिवृत्त कायम झालेलं आहे. आता त्याला कोण काय करणार?”

पंधरा वर्षे बायांनी जमिनीवर बसून जे राखले होते, ते माझ्या एका शब्दाने हातोहात गेले. दुसऱ्या दिवशी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला: अमुक ठरावाच्या वेळी एका सभासदाने हरकत घेतली होती, ती मी लिहिली नाही, इतिवृत्त त्या बाबतीत चुकीचे आहे, सबब त्यावर विसंबू नये. खाली सही केली, ‘माजी सभा कारकून’. आवक-खिडकीवर शिक्का मारून घेतला. अर्जाची आवक झाली. जावक काही झाली नाही. मी कुणाला दोष देत नाही. शाई वाळल्यावर माफी मागणाऱ्या कारकुनासाठी कुठल्या कायद्यात कलम आहे?

पटांगणाला पत्रे लागले. लिंबाची दोन्ही झाडे गेली. बाजार आपोआप नदीकडच्या रस्त्यावर सरकला. ट्रक जातात, धूळ उडते, सावली नाही. त्या साली दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी तिकडे गेलो. ताई होत्या. केस पांढरे, दृष्टी मंदावलेली. नातीला शेजारी घेऊन सीताफळांच्या टोपलीमागे बसल्या होत्या. मला आवाजावरून ओळखले. “या भाऊसाहेब,” म्हणाल्या आणि बसायला पोते सरकवले.

मी पोत्यावर बसून, एखाद्या आरोपीने जबाब द्यावा तसे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. अर्धे त्यांना ट्रकांच्या आवाजात ऐकू आले नसेल. मग त्यांनी विचारले, कोणता कागद? मी म्हणालो, तुम्ही उभ्या राहून बोललात, ते मी लिहिले नाही. त्या हसल्या. तेव्हा मी बोलले हेच पुष्कळ झाले होते, म्हणाल्या. रात्रभर पाठ केले होते, आणि उभी राहिल्यावर पाय कापत होते. कुणी लिहिले की नाही, ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. पाहता येते, हे त्यांना कुणी सांगितलेही नव्हते. एवढे बोलून त्यांनी टोपलीतली चार सीताफळे अंगठ्याने दाबून पाहिली, पिकलेली दोन माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा नात म्हणाली, “आजी नाही म्हणाली म्हणजे नाही.” त्या मुलीइतके नेमके इतिवृत्त मला सव्वीस वर्षांत लिहिता आले नव्हते.

२०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. सभागृहाचे कुलूप निघाले, हिरवे कापड बदलले गेले. नगरपालिकेची सभा सर्वांना खुली असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते; मला ठाऊक होते. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. समोर निम्म्या स्त्रिया होत्या. त्यांत कुणी पदर सावरून खिडकीशी बसलेली दिसली नाही. पुष्कळजणी पहिल्याच रांगेत होत्या आणि त्यांच्या हातात विषयपत्रिका खुणा करून आणलेल्या होत्या.

आरंभी दुखवट्याचे ठराव झाले. दिवंगत माजी सभासदांच्या यादीत ताईंचे नाव होते. त्या पावसाळ्यातच गेल्या होत्या. सगळे उभे राहिले. सभागृहात जिने उणीपुरी दोन वाक्ये उच्चारली, तिच्यासाठी सभागृह दोन मिनिटे गप्प राहिले. मी मागच्या बाकाशी उभा होतो. तरुण कारकुनाने लिहून घेतले, ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ या वेळी तो शब्द खरा होता. तो एवढ्या उशिरा खरा व्हावा, याचे मला वाईट वाटले.

सभा संपल्यावर मी त्या मुलाला गाठले. उपदेश करायचे वय असले तरी अधिकार नव्हता. म्हणून एकच गोष्ट सांगितली. “कुणी उभं राहून नुसता प्रश्न विचारला, तरी तो प्रश्न लिहून घेत जा. रकाना नसला तर समासात लिही.” तो “हो काका” म्हणाला. लिहितो की नाही, ते मी पाहायला गेलो नाही.

संकुलाचे गाळे आता बांधून झाले आहेत. काहींची शटरे उघडली आहेत, काहींची नाहीत. बाजाराच्या दिवशी नदीकडच्या रस्त्यावर अजून बाया बसतात. त्या बाया कोठे बसतील? हा विषय अजून सभेपुढे आहे असे मी धरतो. कारण त्यावर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असे कुणी लिहिलेले नाही.